नुसती सुरू करायची गाडी

रविवारी सकाळी खालच्या गॅरेजचं शटर वर जायचं, त्या खडखडाटानं ताईला जाग यायची आणि दिवसाचे पहिले शब्द तिच्या तोंडून निघायचे, "आले टोळभैरव."

टोळभैरव तिघं होते. एक तिचा धाकटा भाऊ. त्यानं आयुष्यभर विमा विकला होता. तुमच्या घराला आग कशी लागू शकते, जिन्यावरून पाय कसा घसरू शकतो, हे गोड आवाजात पटवून देण्यात त्याचा हात धरणारा कुणी नव्हता. दुसरा कातडीचा डॉक्टर. तिसरा प्रोफेसर. तो काय शिकवतो हे ताईनं कधी विचारलं नव्हतं, कारण विचारलं तर तो सांगत बसला असता.

आणि ज्या गाडीसाठी हे तिघं जमायचे ती गडद हिरव्या रंगाची, दोन माणसांची, छप्पर मागे दुमडणारी जुनी स्पोर्ट्स कार होती. वयानं धाकट्यापेक्षाही मोठी, आणि इतकी बुटकी की आत डोकवायचं म्हणजे बुटाची नाडी बांधायला वाकल्यासारखं वाकावं लागे.

ताई सगळ्यात वरच्या मजल्यावर राहायची. चहाचा कप घेऊन ती खिडकीत उभी राही आणि खालचं सगळं बघे. बघायचं नाही असं दर रविवारी ठरवून बघे. आधी गाडीवरचं कापड निघायचं. डॉक्टर आणि प्रोफेसर दोन टोकं धरून ते असं उचलायचे, जणू खाली कुणी झोपलंय. मग धाकटा मनगटावरचं घड्याळ काढून खिशात ठेवायचा, कारण घड्याळ घासून दारावर ओरखडा उठला तर? मग तो आत बसायचा. म्हणजे एक पाय आत, मग बूड, मग कण्हत दुसरा पाय. किल्ली अर्धी फिरवली की मागून पेट्रोलच्या पंपाची टकटक सुरू व्हायची.

"ऐका," डॉक्टर बोट वर करून म्हणायचा. दुसरं काही ऐकण्यासारखं तिथे नसायचंच.

मग चोक ओढायचा. मग स्टार्टर. इंजिन कुरकुरायचं, खोकायचं आणि एकदम धडाडून पेटायचं. ताईच्या खिडकीच्या काचा थरथरायच्या. खाली तिघांचे चेहरे असे फुलायचे, की वाटावं ह्यांनीच ते इंजिन घडवलं आणि आत्ता, ह्या क्षणी पूर्ण झालं.

"असा आवाज आता होणे नाही," प्रोफेसर म्हणायचा.

"खर्ज बघा खर्ज," डॉक्टर म्हणायचा, आणि मोबाइल धूर सोडणाऱ्या नळीपाशी नेऊन रेकॉर्ड करायचा. मागच्या रविवारीही त्यानं तोच आवाज रेकॉर्ड केलेला असायचा.

थोडा वेळ गेला की धाकटा इंजिन बंद करायचा. कापड परत चढायचं. तिघं मधल्या मजल्यावरच्या हॉलमध्ये येऊन चहा-बिस्किटं खायचे आणि गाडीबद्दल बोलायचे. गाडीनं फाटक ओलांडलं होतं ते एकदाच, ट्रकवरून आणून दारात उतरवली त्या दिवशी, आणि तेही आत येण्यासाठी.

ताईचा तिरस्कार उगाच नव्हता. त्यांच्या वडिलांची लाँड्री होती. इस्पितळांच्या, हॉटेलांच्या चादरी, टॉवेल, पडदे तिथे धुतले जायचे. वडिलांमागे ती ताईनंच चालवली. मागच्या बाजूला वाफेचा बॉयलर होता आणि उजाडायच्या आत तो पेटवायचं काम तिनं कधी कुणाला दिलं नाही. पुढे गुडघे बोलायला लागले, धाकट्याला त्या धंद्यात रस नव्हताच, म्हणून लाँड्री विकली. निम्मं तिचं, निम्मं त्याचं, भांडण नाही, तंटा नाही. तिनं आपला वाटा बँकेत टाकला आणि त्यानं ही गाडी घेतली.

पैशाचं तिला काही वाटलं नाही. त्याचा वाटा, त्यानं विहिरीत टाकावा. पण काहीही काम न करणारं यंत्र पाळायचं आणि वर त्याचं कौतुक करायला माणसं बोलवायची, हे तिच्या पचनी पडत नव्हतं.

"आपला बॉयलर पेटला की संध्याकाळपर्यंत टेम्पोभर चादरी निघायच्या," एकदा जेवताना ती म्हणाली. "तुझं हे पेटलं की काय निघतं रे?"

"ताई, तुला नाही कळायचं. ते सौंदर्य आहे."

"धूर निघतो. माझ्या खोलीत येतो."

भावजय ताटात बघून हसली. ती औषधांच्या दुकानात काम करायची आणि दिवसभर लोकांच्या तक्रारी ऐकून घरी शक्यतो काही बोलायची नाही. हसायची मात्र नेमकं.

असं चाललं होतं, आणि एका रविवारी धाकट्याची पाठ गेली. टूथब्रश घेऊन तो चाकांच्या तारा घासत होता. वाकला तो वाकलाच. त्याच्या ओरडण्यानं ताई खिडकीत आली तेव्हा तो गाडीच्या बाजूला कमरेत दुमडलेला होता आणि त्या अवस्थेतही एक हात लांब धरून होता, ब्रशचं पाणी गाडीवर पडू नये म्हणून.

"हे माझ्या विषयात येत नाही," कातडीचा डॉक्टर म्हणाला आणि त्यानं घराचं दार उघडून धरलं. तेवढीच त्याची मदत. भावजयीनं आणि प्रोफेसरनं मिळून धाकट्याला तसाच आत नेला.

हाडांच्या डॉक्टरनं सांगितलं, मणका सरकलाय, सपाट पडून राहायचं. वाकायचं नाही, खाली बसायचं नाही आणि त्या गाडीत बसायचा तर विचारही करायचा नाही.

धाकटा हॉलमधल्या पलंगावर पडला, आणि दोन दिवसांत त्यानं घर डोक्यावर घेतलं. पाठीसाठी नाही, गाडीसाठी. बॅटरी उतरेल. पेट्रोल शिळं होईल. इंजिन आतून गंजेल. आठवड्यातून एकदा तरी तिला सुरू करायलाच हवं.

"मग त्या कातडीच्या डॉक्टरला सांग," भावजय म्हणाली.

"वेडी आहेस का? तो चोक ओढत नाही, उपटतो."

"प्रोफेसर?"

धाकट्यानं चादर हनुवटीपर्यंत ओढली. मग म्हणाला, "त्याला गाडी चालवता येत नाही."

ताई दारात उभी होती. इतक्या वर्षांत इतकं समाधान तिला क्वचित मिळालं असेल. आवाजावर व्याख्यानं झोडणाऱ्या माणसाला स्कूटरसुद्धा येत नव्हती!

"मी हात लावणार नाही," भावजयीनं आधीच सांगून टाकलं. "लग्नात असं काही ठरलं नव्हतं."

राहता राहिली ताई. लाँड्रीचा टेम्पो तिनं बरीच वर्षं स्वतः चालवला होता. धाकट्यानं दोन दिवस मान वळवून वळवून तिच्याकडे पाहिलं आणि शेवटी हात जोडले. "ताई, फक्त सुरू कर. थोडा वेळ चालू ठेव, बंद कर. घड्याळ काढून ठेव. बांगड्यासुद्धा. आणि रेस देऊ नकोस, आणि दार आपटू नकोस, आणि..."

"अरे बॉयलर पेटवलाय मी. तुझं खेळणं नाही पेटवता येणार?"

ती तयार झाली ह्याला एकच कारण होतं. ह्या तमाशात काडीचाही अर्थ नाही, हे तिला आता आतून बघून सांगता येणार होतं.

दुपारी भावजय कामावर गेल्यावर ती खाली गेली. शटर वर केलं, कापड एका झटक्यात ओढलं आणि कोपऱ्यात फेकलं. बसताना गुडघ्यांनी शिव्या घातल्या. सीट इतकी खाली होती की पाय समोर लांब सोडून जमिनीवर बसल्यासारखं वाटत होतं. आत जुन्या चामड्याचा, तेलाचा आणि पेट्रोलचा वास होता. बांगड्या तिनं हातातच ठेवल्या.

किल्ली अर्धी फिरवली. पाठीमागे टकटक सुरू झाली, घाईघाईनं, आणि मग पंप भरला तशी हळू झाली. चोक ओढला, स्टार्टर दाबला. इंजिन फिरलं, फिरत राहिलं, आणि काही नाही. पेट्रोलचा भपकारा आला.

"नखरे," ताई म्हणाली.

ती थोडी थांबली. चोक आत ढकलला, पाय ॲक्सिलरेटरवर पूर्ण टेकवला आणि पुन्हा स्टार्टर दाबला. ह्या वेळी एक ठोका लागला. मग एक चुकला. मग दोन लागले, आणि तिनं पाय उचलता उचलता सगळे एकदम लागले.

वरच्या खिडकीतून तिनं हा आवाज शेकडो वेळा ऐकला होता. वर यायचा तो नुसता गोंगाट. इथे तो कानात नंतर आला. आधी तो सीटमधून पाठीत आला, स्टिअरिंगमधून मनगटात आला, दुखऱ्या गुडघ्यांत उतरला. पाय नुसता विचार केल्यासारखा हलवला तरी पुढचं सगळं धूड अंग झाडायचं आणि पाय उचलला की गुरगुरत खाली बसायचं. समोर काचेपलीकडे बोनेट बारीक थरथरत होतं. कुणीतरी तिच्या हातात काहीतरी जिवंत आणून दिलं होतं आणि ते तिचं ऐकत होतं.

उजाडायच्या आत लाँड्रीत जायची ती चादरींसाठीच का? चादरी तर सकाळी उशिरा यायच्या. बॉयलर पेटून वाफेचा दाब दाखवणाऱ्या काट्यानं पहिली उडी मारली की तिच्या अंगावर शहारा यायचा, आणि ही गोष्ट तिनं आजवर स्वतःलाही सांगितली नव्हती. तिला स्वतःचा थोडा राग आला. पण तो फार टिकला नाही, कारण त्याच्याहून मोठा राग मागून येत होता.

म्हणजे हे असं आहे तर! हे असं हाताखाली असताना हा बाबा काय करतो? घड्याळ खिशात ठेवतो. दोन रिकामटेकड्यांना शेजारी उभं करतो. ऐकतो, मान डोलावतो, बंद करतो आणि बिस्किटं खातो. आजवर तिला वाटायचं की निरर्थक गोष्टीला हा कवटाळून बसलाय. आता कळलं, गोष्ट लाखमोलाची होती. माणूस फुसका होता.

वरून धाकट्याची हाक आली. "झालं ताई! बास! बंद कर आता!"

ताईनं क्लच दाबला आणि पहिला गिअर टाकला.

फाटक उघडंच होतं. गाडी बाहेर पडली तेव्हा वरून जी किंकाळी आली ती पाठीच्या दुखण्याची नव्हती. गल्लीत दोघीतिघी बायका भाजीच्या पिशव्या घेऊन कडेला सरकल्या. गल्ली संपली, मोठा रस्ता लागला, सिमेंटच्या मोठ्या ट्रकमागे बराच वेळ रखडावं लागलं, तोंडात धूळ गेली. ट्रक वळला, पुढे नदीकडे जाणारा रस्ता मोकळा होता. ताईनं दुसऱ्यातून तिसरा टाकला आणि पाय दाबला.

परत आली तेव्हा तिचे केस विस्कटलेले होते आणि गाडीच्या एका बाजूला चिखलाचे शिंतोडे होते. तिनं गाडी लावली, कापड काही घातलं नाही आणि वर आली. धाकटा पलंगावर पांढराफटक पडला होता.

"कुठे लागली? ओरखडा आलाय? खरं सांग."

"चिखल लागलाय. गाड्यांना लागतो."

"तुला काही वाटत नाही का ग? माझ्या जिवाचं काय झालं असेल? गाडीला काही झालं असतं म्हणजे? तुला काही झालं असतं म्हणजे?"

"क्रम बरोबर लावलास," ताई म्हणाली आणि पाणी प्यायला आत गेली.

ती परत आली तरी तो छताकडे बघत होता. मग त्यानं हळूच, कुणी ऐकत नाही ना असं बघून विचारलं, "तिसऱ्यात टाकलीस?"

"टाकली."

"कशी वाजते ग तिसऱ्यात?"

इतकी वर्षं गाडी त्याच्या दारात होती. त्याला ठाऊक नव्हतं. फाटकापासून गॅरेजपर्यंत पहिल्याच्या पुढे जायला जागा नव्हती आणि फाटकाच्या पुढे जायला छाती नव्हती.

"पहिल्यात ओरडते," ती म्हणाली. तिला सांगायचं नव्हतं, पण न सांगणं जमलं नाही. "दुसऱ्यात भांडते. तिसरा टाकताना एक क्षण अशी गप्प होते की वाटतं मेली. आणि मग गायला लागते. म्हणजे तिला एवढा वेळ हेच करायचं होतं, आणि आपणच मध्ये मध्ये करत होतो."

धाकट्यानं डोळे मिटले. झोपला असं समजून ताई उठली, पण तो झोपला नव्हता. ओठ हलत होते.

त्यानंतर ती रोज दुपारी गाडी काढू लागली. धाकटा रोज ओरडायचा, रोज थोडं कमी, आणि ती आली की विचारायचा. चढावर कशी चालते? वळणावर मागची बाजू सरकते का? छप्पर काढल्यावर आवाज बदलतो? ताई तुसडेपणानं उत्तरं द्यायची आणि तो पडल्या पडल्या ती उत्तरं गोळा करायचा.

पुढच्या रविवारी डॉक्टर आणि प्रोफेसर त्याला भेटायला आले. ताई जिन्यावरून खाली येत होती, तेवढ्यात हॉलमधून भावाचा तो ग्राहक पटवायचा गोड आवाज आला.

"पहिल्यात ती ओरडते. दुसऱ्यात भांडते. पण तिसऱ्यात टाकताना..." तो थांबला. थांबायचं कुठे हे त्याला कळायचं. "एक क्षण वाटतं, मेली. आणि मग गाते."

"वा!" प्रोफेसर म्हणाला. "हे ज्यानं अनुभवलं तोच बोलू शकतो."

ताई आत गेली. बशीतलं एक बिस्किट उचलून ती खुर्चीत बसली.

"वळणाचं सांग ना त्यांना," ती म्हणाली. "मी काल सांगितलं ते."

डॉक्टरनं ताईकडे पाहिलं, धाकट्याकडे पाहिलं. "तुम्ही सांगितलंत? म्हणजे... गाडी कोण चालवतंय?"

"मी. रोज."

दोघांच्या चेहऱ्यावर जे उमटलं ते बघून ताई गार झाली. मित्र खोटं बोलला ह्याचं त्यांना काही नव्हतं. डॉक्टर कळवळून म्हणाला, "रोज? अहो, तिचे टायर! रंग मूळचा आहे तिचा!" आणि प्रोफेसर म्हणाला, "अशा वस्तूला वापरायचं नसतं हो ताई. ती जपायची असते."

"तुम्हाला काय करायचंय? तुम्हाला तर चालवताही येत नाही."

प्रोफेसर लालबुंद झाला. डॉक्टरनं त्याच्याकडे असं पाहिलं की ही बातमी त्यालाही नवीनच असावी. चहा अर्धा टाकून दोघं उठले. जाताना डॉक्टर गॅरेजपाशी थांबला, चिखलाचा एक ठिपका त्यानं नखानं खरवडला आणि मान हलवत निघून गेला.

"माझी माणसं तोडलीस तू," धाकटा म्हणाला.

"ती माणसं नव्हती. टाळ्या होत्या."

भावजय बशा उचलायला आली होती. ती म्हणाली, "बिस्किटं वाचली," आणि आत गेली.

पाठ सुधारत गेली. धाकटा आधी बसायला लागला, मग काठी घेऊन चालायला आणि ज्या दिवशी हाडांच्या डॉक्टरनं परवानगी दिली त्या दिवशी त्यानं ताईपुढे हात पसरला. तिनं किल्ली दिली. गाडी त्याची होती, वाद घालण्यात अर्थ नव्हता. दुपारी तिला काय करावं कळेना. तिनं कपाटं आवरली, आवरलेली परत आवरली. आपण त्या डबड्यासाठी कासावीस होतोय हे लक्षात आल्यावर तिनं स्वतःलाही त्या तिघांच्या रांगेत उभं केलं.

रविवार आला. डॉक्टर आला नाही, प्रोफेसर तर येणं शक्यच नव्हतं. शटर वर गेलं. ताई खिडकीत आली नाही. ती पलंगावरच बसून राहिली. टकटक झाली, स्टार्टर कुरकुरला, इंजिन पेटलं. आता हा मान डोलावेल, एकटाच. आता बंद करेल.

इंजिन बंद झालं नाही. गिअर पडल्याचा खट्ट आवाज आला, आणि ताई उठून खिडकीशी गेली.

गाडी फाटकातून इंचाइंचानं बाहेर निघत होती. धाकटा स्टिअरिंगला दोन्ही हातांनी लोंबकळल्यासारखा बसला होता. मनगटात घड्याळ होतं. गल्लीत आल्यावर गाडी एकदा अडखळली, बंद पडतेय असं वाटलं, पण पडली नाही. पहिला गिअर ओरडला. मग दुसरा पडला. गल्ली सरळ आणि रिकामी होती, थेट मोठ्या रस्त्यापर्यंत.

"कोण गेलं?" भावजय खालून ओरडली.

"तुझा नवरा!"

खाली काहीतरी भांडं पडलं.

गाडी वेग घेत होती. दुसरा गिअर भांडायला लागला, मग किंचाळायला लागला. टाक, ताई मनात म्हणाली. आता टाक. तिचा डावा पाय आपोआप फरशीवर दाबला गेला, डावा हात खिडकीच्या कठड्यावर पुढे सरकला. इंजिन जीव खाऊन ओरडत होतं, आणि तो तसाच चालला होता, खांदे आवळून, ओरडत्या दुसऱ्यात. तिनं आणखी एकदा पाय दाबला. वळणापाशी त्याचा ब्रेकचा दिवा लागला, गाडी वळली आणि आवाज घरांच्या मागे गेला. दुसऱ्यातच.

"गाढव," ताई म्हणाली.

आवाज ऐकू येईनासा झाला तरी ती खिडकीतून हलली नाही. मोठ्या रस्त्याच्या बाजूला कान देऊन ती उभीच राहिली.